टर्बो गाडीचा डाउनपाइप घरी बनवताना: मोजमाप आपलं, आर्गन गाळेवाल्याचं

मुंबईत आर्गन वेल्डिंग करणारा माणूस शोधायला वणवण करावी लागत नाही. साकीनाका, मरोळ, वसई, ठाण्याचं वागळे इस्टेट, रबाळे, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटीत शिरा. स्टेनलेसच्या रेलिंग नाहीतर डेअरीच्या टाक्या जोडणारे गाळे सापडतातच. या लोकांचा हात तुमच्या-माझ्या हातापेक्षा कितीतरी साफ असतो. तरीही त्यांच्याकडून थेट बनवून आणलेला डाउनपाइप, म्हणजे टर्बोपासून धूर पुढच्या एक्झॉस्टकडे नेणारी नळी, बसवताना बऱ्याचदा शेवटचा बोल्ट भोकात जात नाही, पाइप सबफ्रेमला (इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला) खटखटतो, नाहीतर ऑक्सिजन सेन्सर खाली तोंड करून बसतो. वेल्डिंग उत्तम आणि माप चुकलेलं, असा तो प्रकार. गाळेवाल्याचा दोष नाही. त्याच्यासमोर गाडी नव्हती आणि माप कुणीच आणून दिलं नव्हतं.

म्हणून कामाची वाटणी मी अशी सांगेन. मोजणं, जिग (मापं धरून ठेवणारा लोखंडी साचा) बनवणं, कापणं, जुळवणं आणि टॅकपर्यंत (तुकडे धरून ठेवणाऱ्या ठिपक्याएवढ्या जोडांपर्यंत) आणणं हे घरी, आणि शेवटचं वेल्डिंग गाळ्यावर. तुम्हाला स्वतःला टिग, म्हणजे हेच आर्गन वेल्डिंग, येत असेल तर तेही घरी करा, क्रम तोच राहील. इथे पेट्रोल टर्बो गाडी डोळ्यासमोर ठेवली आहे: पोलो टीएसआय, लिनिया टी-जेट, इकोस्पोर्ट इकोबूस्ट या जातीची.

आधी कायदा आणि कॅट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) वेगळं लागतं. आरटीओचं प्रकरण तर आहेच, शिवाय अपघातानंतर विमा कंपनी गाडीखाली वाकून बघते तेव्हाही हा पाइप दिसतो.

याचा सरळ अर्थ असा की रस्त्यावरच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी धूर साफ करणारा डबा किंवा ‘कॅट’, काढायचा नाही. ‘कॅट उडव, नळी सरळ कर’ हा सल्ला देणारे भरपूर भेटतील. तो बेकायदा आहे आणि मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या फुप्फुसात काय जातं तेही सोडून देता येत नाही. मोटरस्पोर्टची, ट्रेलरवर टाकून ट्रॅकला नेण्याची गाडी असेल तर पूर्ण कस्टम पाइप करा. रोजच्या गाडीला चिरलेला, सडलेला पाइप बदलायचा असेल तर मूळ कॅट, मूळ मार्ग आणि सेन्सरच्या मूळ जागा ठेवून फक्त नळीचा भाग नव्याने बनवा. पुढचं तंत्र दोन्हीला सारखंच लागू आहे.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कॅट टर्बोला चिकटून, डाउनपाइपच्याच पोटात असतो. तसं असेल तर कॅटच्या डब्याला हात न लावता त्याच्या पुढचा भाग, म्हणजे फ्लेक्स (लवचिक जोड) आणि खालची नळी, एवढंच काम हाती घ्या. डबा कापला की आतली विटेसारखी जाळी तडकते आणि तिच्याभोवतीच्या तंतूंची धूळ नाकात जाते.

हा पाइप करतो काय

टर्बोतलं टर्बाइन, म्हणजे धुराने फिरणारं चाक, फिरतं ते दाबाच्या फरकावर. टर्बाइनच्या आधीचा दाब जास्त आणि नंतरचा कमी. नंतरचा दाब जेवढा कमी, तेवढं तेच काम आधीच्या कमी दाबात होतं. म्हणजे इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जोर कमी लागतो आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) लवकर चढतो. ‘थोडं बॅकप्रेशर लागतंच’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. टर्बाइनच्या पुढच्या नळीला ते लागू नाही.

मात्र याचा अर्थ जाडजूड पाइप घाला असाही नाही. २०० ते २५० बीएचपीपर्यंत अडीच इंची, म्हणजे ६३.५ मिमी बाहेरचा व्यास भरपूर होतो. एक ते दीड लिटरच्या गाडीला त्याच्यावर जायचं कारण नाही. तीन इंची पाइप छोट्या हॅचबॅकखाली घातला तर फायदा कागदावर राहतो आणि प्रत्येक गतिरोधकावर पाइप घासतो. खरा फरक पडतो तो टर्बाइनच्या तोंडापासूनच्या पहिल्या फूट-दीड फुटात. तिथे बाहेर पडणारा वायू गरगरत येत असतो आणि बाजूने वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी, झडप उघडते. तिथली नळी एकदम अरुंद झाली किंवा काटकोनात वळली तर पुढे कितीही मोठा पाइप लावा, उपयोग नाही.

माल: ओडी सांगा, एनबी नाही

पाइप घ्यायला कुंभारवाडा, सी. पी. टँक, खेतवाडी. नट-बोल्ट, कटिंग व्हील, कानशी, क्लॅम्प यांच्यासाठी नागदेवी स्ट्रीट. दोन्ही एका दुपारी उरकतात, फक्त गाडी घेऊन जाऊ नका.

दुकानात जाऊन नुसतं ‘अडीच इंची स्टेनलेस पाइप’ मागितला तर हमखास चुकीचा माल हातात पडतो. प्लंबिंगच्या आणि कारखान्याच्या पाइपात अडीच इंच म्हणजे एनबी (नॉमिनल बोअर, नावापुरतं माप), आणि त्याचा बाहेरचा व्यास ७३ मिमी असतो. दोन इंची एनबी बाहेरून ६०.३, तर तीन इंची ८८.९. एक्झॉस्टला लागते ती ट्यूब, आणि तिचं माप ओडीवर, म्हणजे बाहेरच्या व्यासावर, चालतं. संवाद साधारण असा होतो:

‘शेठ, त्रेसष्ट पॉइंट पाच ओडी, दीड एमएम, तीनशे चार.’

‘डेअरीवाला पाहिजे का?’

‘हो, आणि बेंडही.’

डेअरीवाला ही किल्ली आहे. दूध आणि औषध कारखान्यांच्या नळ्यांसाठी ६३.५ आणि ७६.२ मिमी ओडीचे, पातळ भिंतीचे, आतून गुळगुळीत बेंड तयार मिळतात. गोलाई कुठेही दबलेली नसते. रस्त्याकडेला पाइप वाकवून देणाऱ्याच्या यंत्रावर वाकवलेली नळी वळणावर चपटी होते, आणि टर्बोच्या अगदी जवळ तेच आपल्याला नको असतं. कारखान्याचे शेड्यूल १० चे एल्बोही मिळतील, पण अडीच इंचीत त्यांची भिंत तीन मिमीच्या आसपास असते; वजन उगाच वाढतं.

ग्रेडबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ३०४ या स्टेनलेसच्या ग्रेडच्या नावाखाली हलकं २०२ खपवलं जाण्याची शक्यता असते. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. दुकानात छोटी बाटली आणि बॅटरीवाली टेस्ट किट असते. एक थेंब टाकून बॅटरी टेकवली की २०२ वर तो लालसर होतो. टेस्ट मागायला लाजू नका आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. कंपनीच्या मूळ पाइपला चुंबक चिकटतं म्हणून तो लोखंडी समजू नका. तो बहुधा ४०९ सारख्या फेरिटिक स्टेनलेसचा असतो. साधं एमएस (माइल्ड स्टील) स्वस्त आणि जोडायला सोपं, पण आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ते लवकर गळतं.

३०४ मध्ये दोन उणिवा आहेत, त्या माहीत असलेल्या बऱ्या. साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ते फार काळ राहिलं तर कणांच्या कडांवर क्रोमियम कार्बाइड जमतं आणि तिथून गंज व चिरा सुरू होतात. म्हणून मिळालं तर ३०४एल घ्या. सतत तापणाऱ्या ट्रॅकच्या गाडीला ३२१ आणखी चांगलं. दुसरी उणीव म्हणजे ते तापल्यावर खूप वाढतं. ६०० मिमी लांबीची नळी ६०० अंशांनी तापली तर सहा मिलिमीटरहून जास्त लांब होते. दोन्ही टोकं आवळून बांधलेली असतील तर हे सहा मिमी कुठे तरी चीर पाडूनच बाहेर पडतात. फ्लेक्स बेलो त्यासाठीच असतो.

जुना पाइप काढणं

टर्बोवरचे स्टड वर्षानुवर्षं तापून घट्ट झालेले असतात. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा. सहा कोनी सॉकेटच वापरा, बारा कोनी नको. नट जरासा हलला की थेट सोडवत सुटू नका. पाव फेरा सोडा, पाव आवळा, तेल, पुन्हा. स्टड तुटला तर तो टर्बाइन हाउसिंगमधून काढणं हे वेगळंच आणि महागडं काम होऊन बसतं.

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्टँड लावा आणि ते सपाट काँक्रीटवर ठेवा. पेव्हर ब्लॉकच्या पार्किंगमध्ये स्टँडचा पाय एका बाजूला खचतो, तिथे खाली जाड प्लायचा तुकडा टाका. पाइप निघाला की टर्बोच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा आणि एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे ते आत विसरणार नाही.

जिग: सगळा खेळ इथे

गाडीखाली झोपून नळीचे तुकडे धरून टॅक मारणं शक्य असतं, पण सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हा उद्योग करायचा नाही. शेजारच्या स्कूटरच्या टाकीपासून दोन हातांवर ठिणग्या उडवणं धोक्याचं आहे आणि सेक्रेटरी तेवढ्यावरच काम थांबवतील. जिग बनवली की गाडीची गरज फक्त दोनदा लागते: जुना पाइप काढताना आणि नवा लावून बघताना. मधलं सगळं बदलापूरच्या घराच्या अंगणात, मित्राच्या गाळ्यात, कुठेही करता येतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातले सुटे भाग मिळतात. तुमच्याच मॉडेलचा जुना डाउनपाइप तिथे सापडला तर घेऊन टाका, बिलासकट. मग गाडी रोज चालवत राहून निवांतपणे जिग बनवता येते.

४० × ४० मिमीच्या एमएस चौरस ट्यूबची एक चौकट करा, जुन्या पाइपपेक्षा वीतभर मोठी. जुन्या पाइपच्या दोन्ही फ्लँजना (टोकांच्या बोल्टची भोकं असलेल्या जाड प्लेटना) १० मिमी जाड लोखंडी पट्टीचे, बरोबर त्याच भोकांचे तुकडे बोल्टने आवळा. मध्ये गॅस्केट ठेवा, कारण गाडीतही ती असणार आणि तिची जाडी मापात धरायलाच हवी. आता पाइप गाडीत जसा बसतो तशाच दिशेने चौकटीवर ठेवा, वरची बाजू कोणती ते मार्करने लिहा, आणि त्या दोन तुकड्यांपासून चौकटीपर्यंत पाय जोडा. प्रत्येक तुकड्याला किमान तीन पाय, तेही तिरपे, त्रिकोण होईल असे. एकच उभा पाय दिला तर पुढे नळी आखडताना तो वाकतो.

पाय जोडताना एका बाजूचं वेल्डिंग एका दमात पूर्ण करू नका. एक टॅक इकडे, एक समोर. सगळं गार झाल्यावर बोल्ट काढून जुना पाइप उचला आणि पुन्हा ठेवून बघा. बोल्ट बोटांनी आत गेले पाहिजेत. एखाद्याला पान्ह्याने ओढून घ्यावं लागलं तर जिग हलली आहे. तो पाय कापून पुन्हा बसवा. इथे चालढकल केली तर हीच चूक नव्या पाइपमध्ये उतरते.

पाइप जिगवर असतानाच बाकीच्या खुणा पकडा. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकाच्या मध्याला टेकेल अशी एक सळई चौकटीला जोडा, आणि सेन्सर ज्या कोनात बाहेर येतो त्याच कोनात ती ठेवा. हँगरच्या दांड्यावर नळीचा छोटा तुकडा सरकवून तोही चौकटीला जोडा. सबफ्रेम, स्टिअरिंग रॅक, ड्राइव्हशाफ्टचं रबरी बूट जिथे जवळ येतात तिथे जुन्या पाइपला खडूने खूण करा आणि चौकटीवर ‘इथे जागा नाही’ असं लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो असले तरी काम करताना डोळ्यासमोर चौकटच असते.

फ्लँज आणि टर्बोचं तोंड

नवी गॅस्केट आणा, कागदावर ठेवून तिची कड आणि भोकं काढा, मधलं अंतर व्हर्निअरने मोजा. त्यावरून एखाद्या लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ (संगणकावरच्या आकृतीची) फाइल द्या. १० ते १२ मिमी जाडीची प्लेट कापून मिळते. फाइल देण्यापूर्वी तीच आकृती पुठ्ठ्यावर कापून स्टडवर लावून बघा. फ्लँज एमएसची केली तरी चालते, मग तिला नळी जोडताना फिलर (जोडात वितळवायची तार) ईआर ३०९एल लागेल. आठ मिमीहून पातळ फ्लँज घेऊ नका. वेल्डिंगने ती वाकते आणि मग गॅस्केट बदलत बसावं लागतं.

इंटर्नल वेस्टगेट असेल तर झडप हाताने पूर्ण उघडून बघा. ती उघडताना नळीच्या आतल्या भिंतीला टेकता कामा नये. म्हणून सुरुवातीचा भाग टर्बाइनचं तोंड आणि वेस्टगेटचं भोक दोन्ही पोटात घेईल एवढा रुंद, घंटेच्या आकाराचा करतात आणि तिथून हळूहळू ६३.५ वर उतरवतात. दोघांना वेगळ्या नळ्या देऊन पुढे एकत्र आणायचाही प्रकार असतो. घरच्या कामात मी घंटेचाच आकार करायला सांगेन. जोड कमी, चिरा कमी.

कापणं आणि जुळवणं

डेअरी बेंडमधून हवा तेवढा कोन कापता येतो, एका अटीवर: कापाची रेष बेंडच्या वर्तुळाच्या केंद्राकडेच गेली पाहिजे. बेंड कागदावर आडवा ठेवा, आतली आणि बाहेरची कड पेन्सिलीने काढा, केंद्र शोधा, कोनमापकाने रेष आखा आणि बेंड पुन्हा त्यावर ठेवून खुणा उचला. रेष केंद्रातून हलली की तोंड लंबगोल होतं आणि समोरच्या गोल नळीला जुळत नाही.

बेंड बसत नाही अशा अडचणीच्या जागी सरळ नळीच्या पाचरी करायच्या. ९० अंशांच्या वळणाला १५ अंशांच्या सहा पाचरी. चॉप सॉ ७.५ अंशांवर लावा आणि प्रत्येक कापानंतर नळी अर्धा फेरा फिरवा. त्याआधी नळीवर लांबीच्या दिशेने, बरोबर समोरासमोर, दोन रेषा मारून घ्या. त्या नसल्या तर तिसऱ्या पाचरीनंतर वळण पिळत जातं. वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट धरली तर ६३.५ च्या नळीत प्रत्येक पाचर आतल्या बाजूला साधारण १६.७ आणि बाहेरच्या बाजूला ३३.४ मिमी भरते. ७६.२ च्या नळीत हेच आकडे २० आणि ४०. ब्लेडची जाडी वेगळी धरा.

चॉप सॉ नसेल तर अँगल ग्राइंडर आणि एक मिमीचं कटिंग व्हील. गार्ड काढायचा नाही, कितीही अडचण झाली तरी. स्टेनलेससाठी व्हील आणि ब्रश वेगळे ठेवा. लोखंडावर वापरलेल्या ब्रशने स्टेनलेस घासलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच पावसात ठिपक्याठिपक्यांचा गंज दिसतो.

कापलेली कड अर्धगोल कानशीने आतून-बाहेरून साफ करा. दोन तुकडे जुळवून नळीत टॉर्च सोडा आणि बाहेरून बघा. प्रकाशाची बारीक रेघही दिसता कामा नये. दीड मिमीच्या भिंतीत फट भरून काढणं चांगल्या वेल्डरलाही जमत नाही. फट भरायला उष्णता वाढवली की भोक पडतं. कानस चालवायला कंटाळू नका, अख्ख्या कामात सर्वात जास्त वेळ याच्यावर जायला हवा.

जुळलेल्या कडा अॅसिटोनने पुसा. ब्रेक क्लीनर इथे बिलकुल नको. क्लोरीनयुक्त क्लीनर आर्कच्या जवळ आला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

टॅक, मग गाडीत ट्रायल

फ्लँज जिगवर आवळून दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. शेवटचा तुकडा मधला ठेवा, तो माप घेऊन कापायचा. प्रत्येक जोडावर समोरासमोर चार टॅक पुरेत. फ्लेक्स बेलो १०० ते १५० मिमी लांबीचा, आतून लायनर असलेला घ्या. लायनरचं मोकळं टोक वायू वाहतो त्या दिशेला. तो सरळ आणि ताणाशिवाय बसला पाहिजे. माप थोडं चुकलं म्हणून फ्लेक्स वाकवून चूक झाकली तर तो काही महिन्यांत फाटतो. फ्लेक्सच्या पुढे, नळीचं वजन उचलणारा हँगर हवाच.

आता टॅक मारलेला पाइप गाडीत लावून बघा. चहूबाजूंनी बोटभर, म्हणजे २५ मिमीच्या आसपास मोकळीक हवी. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून त्याहून जास्त. आडवं बसवलेलं इंजिन अॅक्सिलरेटर दाबल्यावर पुढे-मागे झुलतं, म्हणून कुणाला तरी इंजिन हाताने हलवायला सांगा आणि खाली बघत राहा. पाइपचा सर्वात खालचा बिंदू सबफ्रेमच्या खाली येता कामा नये. आपले खड्डे सोडा, हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात तापलेला पाइप बुडला तर जोडांवर त्याचा ताण येतोच. लोंबता पाइप आधी बुडतो.

गाडीवर असताना एखादा टॅक मारावाच लागला तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प त्या नळीलाच लावा. क्लॅम्प चासीला लावून नळीला टॅक मारला तर करंट टर्बोच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो. आणि सेन्सर आधीच काढून ठेवलेला असावा.

आर्गनवाल्याकडे

पाइप जिगवरच आवळलेला घेऊन जा. मोकळा नेला तर फ्लँजचा कोन फिरलाच म्हणून समजा. सांगायचं एवढंच: ३०४ ला फिलर ईआर ३०८एल, एमएस फ्लँजला ३०९एल, जोड एका दमात पूर्ण न करता समोरासमोर थोडा थोडा, आणि आतून गॅस.

हे आतून गॅस सोडणं रेलिंगच्या कामात कुणी करत नाही, त्यामुळे ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर येऊ शकतं. गरज आहे. आतल्या बाजूला आर्गन नसेल तर वितळलेलं स्टेनलेस हवेतल्या ऑक्सिजनने जळतं आणि आत फुलकोबीसारखा काळा, खडबडीत थर उठतो. वायूला तिथे अडथळा होतो, ते वेगळंच. जोड कमजोर होऊन तिथूनच चिरतो हे खरं दुखणं. नळीची दोन्ही तोंडं आणि सेन्सरचं भोक अॅल्युमिनियमच्या टेपने बंद करा, खालच्या टोकातून आर्गनची नळी घाला आणि वरच्या टोकाला छोटं छिद्र ठेवा. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने हवा वरून निघते. ७० सेंटिमीटरच्या नळीत दोन लिटर जागा असते. मिनिटाला आठ लिटरने दोन मिनिटं सोडलं की आतली हवा बऱ्यापैकी गेली, मग प्रवाह कमी करा. छिद्र बुजलं तर आतला दाब शेवटच्या जोडात भोक पाडतो.

घरी स्वतः करणार असाल तर दीड मिमीला ४५ ते ६५ अँपियर, डीसी, टॉर्च निगेटिव्हला, टॉर्चला मिनिटाला ८ ते १२ लिटर आर्गन. वीज पुरेल का ही काळजी असते. ६० अँपियरच्या टिग आर्कला साधारण साडेबारा व्होल्ट पडतात, म्हणजे पाऊण किलोवॅट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज धरूनही १५-१६ अँपियरच्या प्लगवर आरामात चालतं. जिगच्या लोखंडाला काडीचं वेल्डिंग १२० अँपियरवर करायला जाल तेव्हा मात्र तोच प्लग कमी पडेल. पंखा बंद, दार-खिडक्या उघड्या: पंख्याने गॅस उडतो, आणि बंद खोलीत आर्गन साचला तर गुदमरायला होतं, वासही येत नाही. स्टेनलेसच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. चांगला रेस्पिरेटर घाला, तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही.

जोडाचा रंग सोनेरी ते फिकट निळा असेल तर उत्तम. राखाडी किंवा काळा म्हणजे उष्णता जास्त झाली किंवा गॅस कमी पडला. पूर्ण गार होईपर्यंत जिगवरून काढू नका. डाग घालवायला पिकलिंग पेस्ट घरी वापरू नका, त्यात हायड्रोफ्लुओरिक अॅसिड असतं.

सेन्सर ज्यात आवळतात तो बंग एम१८ × १.५ आट्यांचा. जोडताना त्यात जुना, बाद झालेला सेन्सर किंवा पितळी प्लग लावून ठेवा, नाहीतर आटे वेडेवाकडे होतात. सेन्सरचं टोक आडव्या रेषेच्या वरूनच आत यायला हवं. खालून आला तर थंड पाइपातलं पाणी त्यात साचतं आणि तापल्यावर आतलं सिरॅमिक तडकतं.

तपासणी आणि पहिलं स्टार्ट

एका फ्लँजला बंद प्लेट, दुसऱ्या टोकाच्या प्लेटला टायरचा व्हॉल्व्ह, आणि सायकलच्या पंपाने तीन-चार पीएसआय हवा. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर. बुडबुडा आला तिथे खूण. यापेक्षा जास्त दाब भरू नका.

बसवताना नवी गॅस्केट, नवे नट, आट्यांना अँटी-सीझ. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग टर्बोची फ्लँज, मग पुढची, हँगर सर्वात शेवटी. टॉर्क तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. बॉशच्या एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सरला ४० ते ६० न्यूटन मीटर. मूळ हीट शील्ड परत लावा. एक्झॉस्ट रॅप गुंडाळायचा मोह होतो, दिसतोही छान, पण आपल्या पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि आतली नळी खातो. रस्त्यावरच्या गाडीला मी तो लावणार नाही.

पहिलं स्टार्ट मोकळ्या जागेत. हाताळताना लागलेलं तेल जळून थोडा धूर येईल. दहाएक मिनिटं आयडलवर, मग बंद, पूर्ण गार, मग नट पुन्हा तपासा. नंतर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) लावून हळूहळू बूस्ट वाढवत बघा. ठरलेल्या बूस्टच्या वर आकडा चढत राहिला किंवा पी०२३४ (जास्त बूस्टचा) कोड आला तर लगेच पाय काढा: नळी मोकळी झाल्यावर वेस्टगेटला सगळा जास्तीचा वायू सोडता येत नाही किंवा झडप कुठे तरी अडते आहे. पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) आला तर मागचा सेन्सर आणि कॅट बघा.

सकाळच्या थंड स्टार्टला टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर थांबतो, अशी तक्रार नव्या पाइपवर बऱ्याचदा असते. ती बहुधा फ्लँजची गळती असते. फ्लँजच्या कडेला काजळीची बारीक रेष शोधा, सापडेल. त्यावर नट अजून आवळत सुटू नका, स्टड तुटेल. पाइप उतरवा, फ्लँज जाड काचेवर ठेवून खालून फीलर गेज घालून बघा, वाकली असेल तर ग्राइंडिंगवाल्याकडून सपाट करून घ्या आणि नवी गॅस्केट घालून परत लावा.